गुण तमिळमध्ये, खोडी मराठीत

आडी महिन्यात ट्रॅक्टर बघायला कोण येतं? वेडा, नाहीतर रिकामटेकडा. या तमिळ महिन्यात मद्रासमध्ये कोणी लग्न ठरवत नाही, नवं घर घेत नाही, आणि ट्रॅक्टर तर, जुना का असेना, मुळीच घेत नाही. म्हणून त्या शनिवारी दुपारी मी निवांत होते. पोरूरच्या रस्त्याला लागून आमची पत्र्याची शेड. शेडमध्ये एकच ट्रॅक्टर उरलेला, पस्तीस हॉर्सपॉवरचा, माझ्यापेक्षा थोडाच लहान, एके काळी लाल असलेला. मी साडीवर अप्पांचा जुना शर्ट चढवून त्याच्याखाली उताणी पडले होते आणि एका हट्टी नटाला शिव्या घालत होते.

तेवढ्यात शेजारी दोन चपला दिसल्या. स्वच्छ, तपकिरी, तेलाचे डाग चुकवत चुकवत येणाऱ्या.

"कोणी आहे का?" चपला तमिळमध्ये म्हणाल्या.

"आहे. खाली."

तो वाकला. त्यामुळे त्याचा चेहरा मी आधी उलटाच पाहिला. हनुवटी वर, कपाळ खाली, आणि दोन्ही बाजूंना ऐसपैस कान. माझा चष्मा नाकावरून घसरला…

"ट्रॅक्टर बघायचा होता," तो म्हणाला.

"आडीत?"

"कावेरीला पाणी आडीतच येतं ना. तिला कोण सांगणार, महिना चांगला नाही म्हणून?"

  मी सरपटत बाहेर आले, हात पुसले आणि अप्पांना हाक मारली.

अप्पा म्हणजे माझे वडील, वेंकोबाराव. गावोगावचे जुने ट्रॅक्टर घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे, हा त्यांचा धंदा. गेली काही वर्षं त्यांचा उजवा खांदा आखडलेला, म्हणून पाना माझ्या हातात. घरात आम्ही दोघंच. आई मी शाळेत असतानाच गेली.

आता आमच्या शेडची पद्धत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. गिऱ्हाइकाशी तमिळ बोलायचं, आपसात मराठी. आमची मराठी तंजावरची. पूर्वज मराठा राजाबरोबर तिकडं गेले आणि तिथलेच झाले, भाषा तेवढी घरात राहिली. ती कळणारा माणूस मद्रासच्या भरल्या बसमध्येही सापडायचा नाही. अप्पांचा नियम असा, की गिऱ्हाइकानं विचारलं तर खोटं सांगायचं नाही, आणि नाही विचारलं तर आपण होऊन सांगायचं नाही. तेव्हा गुण तमिळमध्ये सांगायचे, आणि खोडी एकमेकांना मराठीत, गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर, हसऱ्या चेहऱ्यानं. कुठवर बोलायचं याचा दोघांनाही अंदाज राहायचा.

"इंजिन ठणठणीत आहे," मी तमिळमध्ये सुरू केलं. "नांगर लावा, ट्रॉली लावा, मळणीयंत्र लावा, हूं की चूं करणार नाही. डिझेल जपून पितो. आणि आतलं सगळं साधं. बिघडलाच तर गावचा मेस्त्री झाडाखाली बसून दुरुस्त करेल. पार्ट तुमच्या कावेरीकाठी कुंभकोणमला कुठल्याही दुकानात मिळतात. नव्या गाड्यांचं तसं नसतं."

अप्पांनी मराठीत विचारलं, "दुसरा गिअर?"

"उतारावर निसटतो अजून," मी गोड हसत म्हटलं. "आणि सकाळी सेल्फ रुसतो. चढावर लावून ठेवला नाही तर धक्क्याला चार माणसं लागतील. नांगर उचलायची लिफ्टही, इंजिन बंद केलं की, आपली आपणच खाली बसते."

गिऱ्हाईक जोरात खोकलं.

"पाणी देऊ?" मी तमिळमध्ये विचारलं.

"नको, नको… धूळ आहे जरा."

नाव राममूर्ती. मद्रासमध्ये गल्लीत दगड मारला तर एखाद्या राममूर्तीला लागायचाच, त्यामुळे नावावरून काही कळायचं कारण नव्हतं. तिरुवल्लिकेणीत ब्रह्मचाऱ्यांच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या नोकरदारांच्या चाळीत, खोली, आणि विमा कंपनीत कारकुनी.

"मग हा काय मरीनाच्या वाळूत चालवणार?" मी विचारलं.

तो हसला. हसला की त्याचे डोळे आधी हसायचे, तोंडाला नंतर कळायचं. "पापनाशमजवळ काकांची शेती आहे. भाताची."

भाताची म्हटल्यावर अप्पांचा चेहरा पडला. "चिखलात नेणार हा," ते मराठीत म्हणाले. "मग मागच्या अ‍ॅक्सलचं सील?"

हीच त्या ट्रॅक्टरची मोठी खोड होती. मागच्या चाकाशी एक रबरी सील असतं, ते झिजलं होतं, आणि ज्या शाफ्टवर ते बसतं तोही घासला होता. कोरड्या रानात भुईमूग पेरा, काही बिघडत नाही. पण गुडघाभर चिखलात घातला की पाणी आत शिरणार, ब्रेक जाणार, आणि एक दिवस ट्रॅक्टर ऐन लावणीत बसणार.

"सांगू?" मी मराठीत विचारलं.

अप्पांनी खांदा चोळला. "विचारलं तर सांग."

त्यानं विचारलं नाही. रेडिएटरमध्ये मात्र वाकून वाकून बघत राहिला. तेवढ्यात माझी आत्तेबहीण भवानी जेवणाचा डबा घेऊन आली आणि दारातच थबकली.

"अगंबाई! हा कोण?" तिनं मराठीत विचारलं.

"गिऱ्हाईक. कान बघ, सुपाएवढे."

"कान कशाला बघू? हसतो कसा ते बघितलंस?"

"हसतो बरा…"

"नुसता बरा?"

"बरं बाई, बराच बरा! झालं समाधान?"

राममूर्तीचे कान लालबुंद झाले होते. ऊन फार होतं त्या दिवशी, असं मी आपली धरून चालले.

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. दर वेळी एक नवी शंका. एकदा म्हणाला, चालवून बघायचंय. शेडमागच्या मोकळ्या जागेत मी त्याला सीटवर बसवलं आणि स्वतः मडगार्डवर बसले. तीनच्या सुमाराला समुद्राकडून वारा येतो, तो आला होता. माझा पदर त्याच्या हातावर जाऊन पडत होता आणि दर वेळी तो स्टिअरिंग सोडून पदर हळूच माझ्याकडे सरकवत होता. ट्रॅक्टर चिंचेच्या झाडाकडे निघाला.

"पुढं बघा!"

"बघतोय… स्टिअरिंग जड आहे हो."

"जड नाही, भारदस्त आहे. रान उंचसखल असलं तरी हातातून सुटणार नाही." हे तमिळमध्ये. मग झाडाखाली बसलेल्या भवानीला मराठीत ओरडून सांगितलं, "एक एकर नांगरला की ह्याचे खांदे गळून पडतील! बघ की, कागदपत्रं उचलणारे हात!"

पुढच्या शनिवारी तो बाह्या दुमडून आला. आल्या आल्या स्टिअरिंग असं काही फिरवलं, की मी बघतच राहिले. आता तुम्ही म्हणाल, तेव्हाच कळायला हवं होतं. होय, हवं होतं! पण माणूस आपल्याच ऐटीत असला की कान असून बहिरा, डोळे असून आंधळा. मी तर चष्मा लावून आंधळी.

"मळणी करताना क्लच दाबला तर मळणीयंत्रही थांबतं का?" त्यानं एकदा विचारलं.

विचारलं म्हणजे सांगणं आलं. "थांबतं," मी म्हटलं. "ह्याचा क्लच एकच. ट्रॅक्टर थांबला की सगळं थांबलं. एका वेळी एकच काम, पण मनापासून."

"मलाही तसंच जमतं," तो म्हणाला.

"काय?"

"एका वेळी एकच. आता इथं आलो की मला ऑफिस आठवत नाही, मॅन्शन आठवत नाही, बस चुकली तरी…" आणि मग एकदम, "हवा किती असावी चाकात?"

मी हवा सांगितली. चुकीची सांगितली.

भवानी सगळं बघत होती. "विशाले, हा ट्रॅक्टर बघायला येतो की तुला?" तिनं त्याच्यासमोरच विचारलं, अर्थात मराठीत.

"मला बघायला येत असला तर येऊ दे की. अप्पांना सांग, ह्याला लवकर विकू नका."

राममूर्ती चिंचेच्या झाडाकडे तोंड करून उभा राहिला. बराच वेळ. मला वाटलं, शेतकऱ्याच्या घरचा आहे, झाडाची आवड असेल.

हसण्यावारी नेत होते खरी, पण आत काहीतरी टोचत होतं. माझ्यासाठी स्थळं येत नव्हती असं नाही. येत होती, आणि अप्पा त्यांना नावं ठेवत होते. एकाचं गाव लांब, एकाची आई कडक, एक तपकीर ओढतो. कुठलाही ट्रॅक्टर विकून दाखवणारा माणूस, एवढ्या एका बाबतीत त्याला कुणाचा गुणच दिसत नव्हता. खरी खोड एकच होती आणि ती आम्हा दोघांनाही ठाऊक होती. जो येईल तो मला घेऊन जाणार. मग सकाळी अप्पांच्या खांद्याला तेल कोण लावणार, शेडचं कुलूप कोण उघडणार? म्हणून मीही गप्प बसायचे. पण अलीकडे शनिवार जवळ आला की मी उगाचच केस नीट बांधायला लागले होते.

आडी सरत आली त्या शनिवारी अप्पा वैद्याकडे गेले होते. राममूर्ती आला तो लांब ढांगा टाकत.

"ठरलं!" तो तमिळमध्ये म्हणाला. "काका म्हणाले, या वेळची लावणी तू स्वतः करून दाखव, शेत तुझ्या हवाली करतो. नाही जमलं तर विकून ते मुलीकडे मदुरैला जाणार. मी परवा राजीनामा देतोय. ट्रॅक्टर घेतला मी."

"घेतला?"

"घेतला. आज अप्पांशी बोलून टाकतो."

मला आनंद व्हायला हवा होता. आडीत गिऱ्हाईक! पण झाला नाही. विकला तरी हा जाणार, नाही विकला तरी जाणार. फरक एवढाच, की विकला तर हा चिखलात अडकेल, लावणी बुडेल, शेत जाईल. आणि तिथं बांधावर उभा राहून हा माझी आठवण काढेल ती कुठल्या शब्दांत?

"घेऊ नका," मी म्हटलं. तमिळमध्ये, स्पष्ट.

"का?"

"मागच्या अ‍ॅक्सलचं सील गेलंय. शाफ्ट घासलाय. कोरड्या रानात हा सोनं आहे, पण तुमच्या चिखलात ऐन वेळी दगा देईल. तुम्ही विचारलं नाहीत म्हणून आम्ही सांगितलं नाही. आता मी सांगतेय. दुसरा गिअरही—"

"उतारावर निसटतो," तो म्हणाला. "सकाळी सेल्फ रुसतो. लिफ्ट आपली आपणच खाली बसते. ठाऊक आहे मला."

हे तो मराठीत म्हणाला. आमच्या मराठीत, तंजावरच्या हेलात.

मी ट्रॅक्टरला धरून उभी राहिले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ते का, हे मला त्या क्षणी कळलं. कान सुपाएवढे. हसतो बरा, बराच बरा. कागदपत्रं उचलणारे हात. ह्याला लवकर विकू नका… देवा! ह्यानं शब्द न शब्द ऐकला होता.

"तुम्ही… मराठी?"

"तंजावरशेजारच्या पापनाशमचे आम्ही. राममूर्ती राव. पहिल्या दिवशीच सांगणार होतो, पण तुम्ही म्हणालात, हसतो बरा… मग तोंड उघडेना."

"चोरून ऐकत होता!"

"चोरून कुठं? तोंडावर तर बोलत होता तुम्ही!" तो हसायला लागला होता. तिथंच त्याचं चुकलं.

"आणि सीलचं? तेही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं."

"म्हणजे इतके शनिवार तुम्ही मला पारखत होता! ही कधी खरं बोलते, बघू या. होय ना? ट्रॅक्टर नव्हता बघत, माझी लबाडी मोजत होता!"

त्याचं हसू विझलं. "विशालाक्षी, तसं नाही, ऐका तरी—"

"खूप ऐकलंत तुम्ही. आता चालते व्हा!" हातातला तेलाचा बोळा मी फेकला. तो त्याच्या पांढऱ्या शर्टावर बसला. तो वळला आणि गेला. चपला तेलाच्या डागांतून सरळ पडत गेल्या.

डबा घेऊन आलेल्या भवानीनं दारातून सगळं ऐकलं होतं, तिनं ते अप्पांना सांगितलं. अप्पा आधी खदखदून हसले. "वा रे पठ्ठ्या! माझ्याच शेडमध्ये मलाच!" मग हसता हसता त्यांचा हात खांद्यावर गेला. "म्हणजे सीलचं मी म्हणालो, विचारलं तर सांग… तेही त्यानं ऐकलं?"

"हो मामा."

"आपल्यातला पोरगा. आणि त्याला मी चिखलात पाठवत होतो."

माझं डोकं आधीच तापलेलं होतं. "आणि आपल्यातला नसता तर चाललं असतं?" मी म्हटलं. "त्याचं शेत बुडालं असतं तर ते शेत नव्हतं?"

अप्पांना असं मी कधी बोलले नव्हते.  त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत, मीही नाही. पुढचा शनिवार आला. केस बांधून मी शेडमध्ये बसले, रस्त्याकडे पाठ करून. जाणारी-येणारी प्रत्येक बस थांबताना ऐकू येत होती. कोणी उतरलं नाही. मला तो हवा होता. राग खरा होता आणि हेही खरं होतं, आणि दोन्ही एकदम खरं असलं की माणसाचे काय हाल होतात ते भोगल्याशिवाय कळत नाही.

दुपारी अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून आले. "चल."

"कुठं?"

"तिरुवल्लिकेणी. माफी मागायचीय मला. तुझं तू बघ."

मॅन्शनसमोरची गल्ली अरुंद. वरच्या सगळ्या सज्जांवर लुंग्या वाळत घातलेल्या. बायकांनी वर जायचं नसतं, म्हणून मी खाली कॉफीच्या दुकानाशी उभी राहिले आणि अख्ख्या मॅन्शनच्या ब्रह्मचाऱ्यांनी मला बघून घेतलं. थोड्या वेळानं राममूर्ती जिना उतरून धावत आला. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मागून अप्पा, धापा टाकत.

"नवा शाफ्ट, नवं सील, तुझ्यासमोर बसवून देतो," अप्पा त्याला भररस्त्यात मराठीत सांगत होते. "घ्यायचा तर मग घे, नाहीतर नको घेऊस. पण तू विचारेपर्यंत मी थांबायला नको होतं. चुकलं माझं. तू आपला आहेस म्हणून नाही, कुणाच्याही बाबतीत चुकलंच."

"मीही पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं, मामा."

"मग दोघंही चुकलो. चला, समुद्रावर जाऊ. इथं वारा नाही."

मरीनावर संध्याकाळची गर्दी होती. अप्पा पुढं चालत होते, आम्ही मागं. दोघांच्या मधून आणखी एक माणूस जाईल एवढं अंतर.

"शर्टाचा डाग गेला?" मी विचारलं.

"नाही. धुतला नाही."

"का?"

"राहू दे म्हटलं… तेवढीच ओळख."

मी हसले नाही. हसू येत होतं तरी. "पारखत होता ना मला?"

"नाही." तो थांबला. "आई गेल्यापासून माझ्याशी मराठी कोणी बोललं नाही. काकू तमिळ, काकांचीही सवय मोडली. मॅन्शनमध्ये तर विचारूच नका. त्या दिवशी तुम्ही ट्रॅक्टरखालून आलात आणि म्हणालात, सेल्फ रुसतो. आई तसंच म्हणायची. चूल रुसली, रहाट रुसला… किती वर्षांनी ऐकला तो शब्द. मी बोललो असतो ना, तर तुम्ही जपून बोलला असता. पाहुण्याशी बोलतात तसं. या, बसा, कॉफी घ्या. मला ते नको होतं. मला तुमचं ते दुसरंच ऐकायचं होतं. उद्धट."

"उद्धट?"

"हो. घरातलं."

आई गेल्यावर घर कसं गप्प होतं ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. माझा इतक्या दिवसांचा राग कुठं गेला, मला शोधूनही सापडेना. चष्म्याच्या काचांवर खारं काहीतरी साचलं होतं. समुद्राचं असेल, नाहीतर माझं.

"पण सील गेलेलं ठाऊक असून घ्यायला निघाला होता," मी म्हटलं. "वेडा आहेस का तू?" तुम्हीचं तू कधी झालं ते माझ्या ध्यानातच आलं नाही.

त्याच्या मात्र आलं. त्याचे डोळे हसले. "बरे ट्रॅक्टर दुसऱ्या शेडमध्ये होते की. पण तिथं तू नव्हतीस."

आम्ही चालत राहिलो. मधलं अंतर कमी होत गेलं. उकडलेल्या चण्यांचं सुंडल विकणारा ओरडत आला, गेला.

"विशाला," तो अगदी हळू म्हणाला, "येशील?… पापनाशमला?"

मी पुढं बघितलं. अप्पांची चाल मंदावली होती. वारा आमच्याकडून त्यांच्याकडे वाहत होता. आणि माझ्या ध्यानात आलं, आता आम्हाला गुपित बोलायला भाषाच उरली नाही! मराठी अप्पांना येते, तमिळ येते, आणि माझं इंग्रजी इतकं दिव्य, की त्यात होकार दिला तर नकार वाटायचा.

मला एकदम हसू फुटलं. आणि मग वाटलं, लपवायचं कशाला? कुणापासून?

"अप्पा!" मी मोठ्यानं हाक मारली.

ते थांबले. वळले नाहीत.

"मला हा आवडतो. खूप आवडतो. मी ह्याच्याबरोबर जाणार आहे."

 अप्पा समुद्राकडे बघत राहिले.

"लांब आहे पापनाशम," ते म्हणाले.

"हो अप्पा."

"नोकरी सोडतोय तो."

"हो."

"आणि तू गेल्यावर मला…" एवढंच.  आखडलेला हात त्यांनी डाव्या हातानं धरला. मी धावत जाऊन त्यांच्या शर्टाची बाही पकडली. लहानपणी गर्दीत पकडायचे तशी. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, चष्मा नीट केला, पण हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

तिघंही बसथांब्याशी आलो. बस आली ती खच्चून भरलेली. मी चढायला पुढं झाले, तर अप्पांनी मला बाजूला केलं आणि डाव्या हातानं दांडा धरून स्वतःच पायरीवर चढले.

"अप्पा, मी?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या डोक्यावरून राममूर्तीला म्हणाले, "पुढच्या बसनं घेऊन ये तिला. घरी जेवूनच जा." आणि कंडक्टरनं शिट्टी वाजवल्यावर, ओरडून, "घाई करू नका!"

चोवीस वर्षांत अप्पांनी मला अंधार पडताना परक्या माणसाबरोबर एकटी सोडलं नव्हतं. बस वळेपर्यंत मी बघत राहिले. गर्दीत त्यांचा इस्त्रीचा शर्ट चुरगळत होता आणि ते बाहीनं डोळे पुसत होते. मलाही रडू आलं.  राममूर्ती शेजारी येऊन उभा राहिला आणि मग, कोणी बघत असलं तर बघू दे म्हणून, त्यानं माझा हात हातात घेतला. तेलानं काळी पडलेली नखं होती माझी, ती तशीच त्याच्या मुठीत गेली.

पुढची बस लगेच आली. रिकामी होती, बसायला जागासुद्धा होती.

"बस आली," तो म्हणाला.

"दिसतेय मला," मी म्हटलं.

आणि आम्ही दोघंही जागचे हललो नाही.